प्रत्येक गाडीला दोन स्टिअरिंग

अल्माटी, ३ मार्च

माझ्या मावशीस व काकांस, म्हणजे ती. ताएजे व जेझदे यांस सा. न. बाकीची वि. वि. नंतर, आधी बातमी.

माझ्या एकटीच्या नावावर पहिला मोठा अहवाल आला आहे. विषय ऐकून हसू नकोस: जगभरातल्या गाड्यांच्या स्टिअरिंगचा बाजार, तो कुठे वाढतो आहे आणि कुठे आटतो आहे. माझ्याबरोबर राहणारी मुलगी म्हणते, हल्ली तू चहा ढवळतानाही टक्के पुटपुटतेस. अगं, पण काय वेगाने बदलतंय सगळं. तेलाच्या दाबावरचं स्टिअरिंग दर वर्षी मागे पडतंय, विजेच्या मोटरवरचं पुढे सरकतंय, आणि वाढीची मोठी उडी आपल्या आशियातच आहे.

मात्र एका ओळीपाशी माझं घोडं अडलंय, आणि ती ओळ तुमच्या किर्गिझस्तानची आहे. वर्षात देशात जितक्या गाड्या आल्या, त्याच्या दीडपटीहून जास्त स्टिअरिंगचे रॅक आले, गाड्यांत बसवलेले आणि सुटे मिळून. रॅक म्हणजे पुढची चाकं वळवणारा तो लांब दांडा, जेझदे रोज उघडून बसतात तोच. एका गाडीला एक पुरतो. आमचे साहेब दाउरेन आगाय म्हणाले, टायपिंगची चूक आहे, ओळ खोड. मी म्हटलं, तीनदा तपासलंय. तर म्हणतात, मग तीनदा चुकलीस.

वीस तारखेला पाहुणे येणार आहेत. रॅकचा नवा कारखाना कुठे काढायचा ते या अहवालावरून ठरवतील. चुकीची ओळ त्यांच्यापुढे गेली तर माझी नोकरी पक्की होणार नाही. पण ओळ खरी असली आणि मीच खोडली तर? फोनवर जेझदे तब्येत विचारतात आणि ठेवून देतात, म्हणून हे पत्र मुकाश टॅक्सीवाल्याच्या हाती देते आहे. त्यांना विचारून लगेच कळव.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
बेगिमाय

बिश्केक, ७ मार्च

चि. बेगिमाय हिस ताएजेचे पोटभर आ.

मुकाशने पत्र दारात आणून दिलं आणि चार वाट्या चहा पिऊन गेला. मी जेझदेंना मोठ्याने वाचून दाखवलं. ते इतके हसले की डोक्यावरची टोपी लगमानच्या शेवयांच्या वाडग्यात पडायची राहिली. म्हणाले, तुझ्या बहिणीने मुलगी मॉस्कोत वाढवली की असं होतं. अगं, जपानहून येणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे असतं आणि आपले रस्ते डाव्या स्टिअरिंगचे. मग उजवीकडचं सगळं काढायचं आणि डावीकडे दुसरं बसवायचं. त्याला दुसरा रॅक लागतोच. जेझदे तीस वर्षं दुसरं काय करताहेत? सुट्टीत यायचीस तेव्हा कपडे मळतील म्हणून मी तुला कधी वर्कशॉपमध्ये पाठवलं नाही, ते आता अंगाशी आलं.

मला आमची पहिली गाडी आठवली. लग्नाला वर्ष झालं होतं. मी ऐटीत उजवं दार उघडून बसले ती थेट स्टिअरिंगसमोर. सगळी गल्ली बाहेर आली, की शिक्षिकाबाई गाडी चालवणार. जेझदे दुसऱ्या बाजूला बसून गंभीरपणे म्हणाले, चला, बाजारात सोडा मला.

शनिवारी त्यांच्याबरोबर गाड्यांच्या सुट्या भागांच्या कुदायबेर्गेन बाजारात गेले आणि रॅकवाल्यांना एकेक करून विचारलं. एकाने दबक्या आवाजात चौकशी केली की बाई करखात्याच्या का. जेझदे म्हणाले, त्याहून वाईट, माझी बायको आहे. मग सगळे बोलते झाले. दहांतल्या सहा-सात गाड्यांना दुसरा रॅक लागतो असं अकरा जणांनी लिहून सह्या केल्या आहेत. कागद सोबत आहे. त्यांनी तो कारखाना इथे निघणार हेही परस्पर ठरवून टाकलंय. जेझदे सगळ्यांत पुढे. म्हणतात, पहिला रॅक माझ्या हातून बसेल.

ओळ खोडू नकोस. गरम टोपी घाल आणि आमच्यावर जीव ठेव.
तुझी,
ताएजे

अल्माटी, २२ मार्च

ती. ताएजेला सा. न., आणि हे पत्र जेझदेंना लगेच वाचून दाखवू नकोस.

ओळ राहिली. दाउरेन आगाय यांनी कागदावरच्या अकरा सह्या बोट ठेवून मोजल्या. शेवटी म्हणाले, माझी पहिली गाडीही तशीच होती, मीच कसा विसरलो. पाहुण्यांनी दोन तासांतला पाऊण तास त्या एका ओळीवर घालवला. माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग त्यांतल्या एका बाईंनी विचारलं, ही ओळ किती वर्षं जगेल?

उत्तर माझ्याच अहवालात शेवटच्या पानावर आहे. सर्वांत वेगाने वाढणारं स्टिअरिंग असं आहे की त्यात हातातलं चाक आणि रस्त्यावरची चाकं यांना जोडणारा दांडाच नाही. मध्ये फक्त तारा. ते डावीकडे न्यायचं तर कापाकापी नको, दुसरा रॅक नको. तशा गाड्या सर्रास झाल्या की त्या ओळीतला जादा रॅकचा आकडा शून्यावर येतो. कारखानाही बिश्केकला कशाला काढतील? लेखी उत्तर द्यायला मी आठ दिवस मागून घेतले.

ताएजे, ज्या ओळीसाठी जेझदे बाजारभर फिरले तिचं मरण मी माझ्या हाताने कसं लिहू? थोडं मोघम लिहिलं तर कुणाला कळणारही नाही.
तुझी,
बेगिमाय

बिश्केक, २६ मार्च

चि. बेगिमाय, अनेक आ.

तुझं ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी वाचून दाखवलं. तुझ्या जेझदेंपासून मी आजवर फक्त त्यांची साखर लपवली आहे, दुसरं काही जमत नाही.

त्यांनी ते पान दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, दांडाच नाही तर खडी आली, बर्फ आला, ते हाताला कळतं कसं? मी म्हटलं, लिहिलंय, एक छोटी मोटर हाताला तसं भासवते. तेवढ्यावर ते उठून अंगणात फेऱ्या मारू लागले. मला वाटलं, मनाला लागलं. तर आत येऊन म्हणाले, ती मोटर उघडून बघायला मिळेल का विचार. मिसरूड न फुटलेल्या पोराचा चेहरा झाला होता, साठी उलटलेल्या माणसाचा.

मोघम लिहिण्याची गोष्ट मात्र त्यांना आवडली नाही. म्हणाले, साहेब खरी ओळ खोडत होता तेव्हा मी बाजार पालथा घातला, आता ती माझ्यावर उलटली म्हणून खोटी करायची? बाजारातल्या मंडळींना काय सांगायचं ते माझं मी बघतो. पुढचं त्यांना स्वतःच लिहायचं होतं, म्हणून लेखणी त्यांच्या हाती देते. आमची आठवण उबदार ठेव.
तुझी,
ताएजे

बेगिमाय, शून्य असेल तिथे शून्यच लिही. पण वर्ष नीट मोज. जगाने वापरून सोडलेली गाडी आमच्याकडे दहा वर्षांनी येते. तुझा आलेख तेवढा पुढे सरकव. ती दहा वर्षं माझी आहेत, ती कुणाला देऊ नकोस.
— जेझदे