म्हशीच्या मागे काय असतं

चिबायश, १२ एप्रिल १९७१

चि. चिलैबास,
अनेक आशीर्वाद, सलाम. वि. वि.

शेजारची हसना लिहून देते आहे. माझ्या शिव्या ती गाळते, त्या तू मनानं घालून घे.

रमजान ईदेला आलास, आपल्या तळ्यात म्हशींचं शेण पाहून नाकाला रुमाल लावलास आणि बोरूचं कुंपण घालून गेलास. म्हणालास, पाणी स्वच्छ झालं की मासे वाढतील. बसऱ्याचा मास्तर म्हणून ऐकलं, हीच चूक! आता पाणी नितळ आणि मासा औषधालाही नाही. पाण्यातला बोरू असा माजलाय की होडी शिरत नाही. म्हशी कुंपणाशी दिवसभर रेकतात, मी त्यांचा चारा कापून पाठीवर वाहते.

वर लिहितोस, म्हशी व्यापाऱ्याला दे नि बसऱ्याला ये. आधी पाय मोडायचा, मग कुबडी द्यायची? पाच मेला येतोय तो व्यापारी. म्हशी गेल्या तर मी इथं राहायचं कशावर?

रागावले तरी तुझीच,
नशमिया

बसरा, २१ एप्रिल

ती. नशमियाताईस,
सा. सलाम. वि. वि.

ताई, शेण खाऊन कुणी वाढतं का? सहावीच्या मुलांना काढून देतो ते चित्र सोबत पाठवतो: सूर्य, गवत, म्हैस, माणूस. यात मासा कुठं बसतो?

भावजी गेल्यापासून तू एकटी आहेस, माझ्या घशाखाली घास उतरत नाही. खोली रंगवून ठेवली आहे. हट्ट सोड.

धाकट्यावर माया राहू दे.
चिलैब

चिबायश, ७ मे

चि. चिलैबास,
आशीर्वाद, सलाम.

चित्र पाहिलं. म्हशीपुढं थेट स्वतःला बसवलंस, तिच्या मागं काय पडतं ते काढायला लाज वाटली होय? अरे शहाण्या, त्या शेणावर पाण्यातले किडे पोसतात, किड्यांवर पिल्लं, पिल्लांवर मोठे मासे. म्हैस बोरू खाते म्हणून ऊन पाण्यात उतरतं. आपल्या अब्बांना अक्षर येत नव्हतं, पण एवढं ठाऊक होतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कुंपण उपटून चुलीत घातलं. व्यापारी परवा आला, भाकरी-साय खाऊन रिकाम्या हातानं गेला. मोठे मासे अजून नाहीत. पण आज सकाळी म्हशींच्या पायांत बोटभर पिल्लं वळवळत होती. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून रडले, हसनाला विचार.

मी येणार नाही. इथं मला सकाळपासून अकरा म्हशी हाका मारतात. तिकडं तुला कोण हाक मारतं रे? परीक्षा संपल्या की ये. दोन महिने राहा, चारा काप, पोटभर जेव. किती वाळलायस तू, ईदेला बोलले नाही एवढंच.

वाट बघते आहे.
नशमिया