बाईचा आवाज

हिरंगटोला,
दि. २२ नोव्हेंबर २०२४

प्रिय भाऊ,

सप्रेम जयभीम. आईलाही माझा जयभीम सांग.

मोबाइलच्या दुकानदाराला बहीण कागदावर पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. इथं रेंज फक्त गावामागच्या टेकडीवर, तीही सागाच्या एका कापलेल्या बुंध्यावर उभं राहिलं तर. तिथं उभं राहून सविस्तर रडता येत नाही, म्हणून पत्र. सोबत कापडात गुंडाळलेली वस्तू आहे. एसटीच्या कंडक्टरने तुझ्या दुकानापर्यंत पोचवायचं कबूल केलं आहे.

ती वस्तू म्हणजे आमचा बोलता डबा. जुलैत सगळ्या लहान शाळांना असा एकेक मिळाला. आत मेमरी कार्डावर धडे भरलेले आहेत, आणि मुलांचं वाचन रेकॉर्ड करायचंही बटण आहे. एकच शिक्षिका असलेल्या शाळेला मोठी मदत होईल, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. भाऊ, त्यातली बाई इतकं गोड, इतकं शहरी बोलते की माझ्या चौदा पोरांना एक अक्षर कळत नाही. पहिलाच धडा लिफ्टमध्ये अडकलेल्या मुलाचा. माझ्या पोरांनी दोन मजली घर पाहिलेलं नाही. त्यांची घरची भाषा गोंडी, माझी मराठी, डब्याची तिसरीच. पोरं डब्याच्या मागे जाऊन बाई कुठं बसली आहे ते बघतात. आणि दर शुक्रवारी मला टेकडी चढून ऑफिसला कळवावं लागतं, की या आठवड्यात डबा किती मिनिटं वाजला. पोरांना काय समजलं, हे कोणी विचारत नाही.

आता तोही बिघडला. दोन मिनिटं वाजतो आणि अडकतो. माझा जीव वैतागून गेला आहे. घसा रोज बसलेला असतो. एकच गोष्ट दहादा सांगायची आणि समोर चौदा चेहरे तसेच कोरे.

एक काम मात्र चांगलं झालं. दुसरीत एक मुलगी आहे, वर्षभरात तिच्या तोंडून शब्द फुटलेला नाही. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या यादीत तिचं नाव मी दिलं. शिबिरात डॉक्टरांनी तपासून शिक्का मारला, वडिलांनी संमतीवर सही केली. जानेवारीत तिला जिल्ह्याच्या ठिकाणी मुक्या मुलांच्या निवासी शाळेत जागा मिळेल. निदान एकीचं तरी भलं होईल.

डबा लवकर दुरुस्त कर. शुक्रवार आला की मला धडकी भरते.

तुझी,
संघप्रिया

---

चिमूर,
ता. १ डिसेंबर

चि. संघप्रियास तुझ्या भावाचा जयभीम.

मी आठवीनंतर पयल्यांदाच पत्र लिहून राह्यलो. तुह्यासारखी शाळेची मराठी मले येत नाई, समजून घे.

डबा दुरुस्त झाला, या पत्रासंगंच पाठवून राह्यलो. रोग सांगतो. रेकॉर्डचं बटण आत दबून अडकलं होतं. म्हंजे तू डबा चालू केला का तो गुपचूप रेकॉर्ड करत बसे. अकरा दिवसाचा वर्ग त्यानं कार्डात भरून ठेवला. कार्ड भरलं, मंग बिचारा अडकणार नाई तर काय करल?

बटण नीट झालं का नाई पाहाले म्हणून मी आयकलो. आता खरी गंमत आयक. एका जागी तू पोट्ट्यांले सांगतली का मी टेकडीवर जाऊन येतो, चूप बसा. तुह्या चपलांचा आवाज दूर गेला. थोडा वेळ गोंधळ. आन् मंग तूच बोलाले लागली! काऊन समजत नाई तुमाले, किती खेपा सांगू, डोक्शात माती भरली काय. मी म्हटलं, हे एवढ्या लवकर वापस कशी आली? आई भाजी चिरताचिरता बाहेर आली, म्हणे प्रिया कधी आली गा?

मंग समजलं का ते तू नोहोस. एक पोट्टी तुही नक्कल करून राह्यली. तुहा बसलेला घसासुद्धा तिनं सोडला नाई. सारे पोट्टे हासले, दीपाली, दीपाली, अजून एक खेप बाईसारखी कर म्हणे. मी तर खुर्चीवरून पडाचा बाकी राह्यलो. मंग तिनं आवाज बदलला. गोंडीत काईतरी हळूहळू समजावून सांगतली, मधातच मराठी. येर म्हंजे पाणी, पाण्याले भिऊ नोका, म्हना, पाणी. आन् सारे जण म्हणत. अर्धा तास चाललं. मले गोंडी येत नाई, पण एवढं समजलं का ते पोट्टी शिकवून राह्यली.

तुही मॉनिटर दिसते. तिले काई बक्षीस देजो.

आई मात्र हासली नाई. तिनं पुरं आयकलं आन् मले इचारलं, प्रिया पोरायशी दिवसभर असीच बोलते काय? मी म्हटलं, नक्कल हाय, पोट्टे वाढवून सांगतात. मंग तिनं मले बाकीचे दिवस लावाले सांगतले. त्याईत नक्कल नोहोती, तूच तसी बोलत होती. आई उठून आत गेली.

तब्येत सांभाळ. घशाले हळद घे.

तुहा भाऊ,
धम्मदीप

---

हिरंगटोला,
दि. ७ डिसेंबर

प्रिय भाऊ,

जयभीम. काल सहा डिसेंबरला मी इथं एकटीनेच मेणबत्ती लावली आणि नंतर तुझं पत्र पुन्हा वाचलं. चौथ्यांदा.

तुझा राग आला होता, आधी खरं ते सांगते. न विचारता माझा वर्ग आईला काऊन ऐकवलास? मग राग गेला आणि भीती वाटली. भाऊ, दीपाली माझी मॉनिटर नाही. मी जिचं नाव मुक्या मुलांच्या यादीत दिलं ती मुलगी दीपाली आहे.

मी डबा हळू आवाजात ऐकला. तिचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. स्वच्छ, थोडा जाड, घाई नसलेला. माझा मात्र ओळखू आला नाही. मी असं बोलत असेन, असं मला कधीच वाटलं नव्हतं. आईला काय सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत दीपालीला जवळ घेऊन विचारलं, तर ती होती तशीच गप्प, नजर पायाकडे. तिच्या घरी गेले. अंगणाच्या कुडाबाहेर असताना तिचं बोलणं ऐकू येत होतं, आईशी कशावरून तरी वाद घालत होती. मी आत पाय टाकला आणि ती गप्प झाली. तिची आई बुधरी माझ्याकडे बघत राहिली. वारलू, म्हणजे तिचे वडील, म्हणाले की बाई, मी तुम्हाला पोळ्याच्या वेळी सांगतलं होतं, पोरगी घरी बोलते, बकऱ्यायशीपण बोलते. खरं आहे. सांगितलं होतं. लाजेने आईबाप असं लपवतात, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, म्हणून मीच त्यांना लपवू नका म्हणून समजावलं होतं. संमतीच्या कागदावर कुठं सही करायची तेही मीच बोट ठेवून दाखवलं. शिबिरात डॉक्टरांसमोर तिच्या खांद्यावर हात ठेवून मीच उभी होते. ती बोलेल कशी?

गुरुवारी तालुक्याच्या ऑफिसात गेले. बाबूंनी सांगितलं, माहिती ऑनलाइन गेली, आता लॉक आहे. मी म्हटलं उघडा. ते म्हणाले, ते वरून उघडतं. वर फोन लावला तर ते म्हणाले, तालुक्यातून मागणी यायला पाहिजे. गटशिक्षणाधिकारी साहेब रजेवर. नवीन डॉक्टरी दाखला आणा म्हणाले, तर शिबिर मार्चमध्ये. आणि मुलांना न्यायला गाडी येणार तीस डिसेंबरला. एक बाई तर मला म्हणाल्या, जाऊ द्या की, तिथं जेवण चांगलं असतं.

वारलू रोज शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहतात. एकदाच विचारलं, सही केली म्हणजे पोरगी दिलीच काय.

मला काही सुचत नाही. तू काही कर.

तुझी,
संघप्रिया

---

चिमूर,
ता. १३ डिसेंबर

चि. प्रियास जयभीम.

पत्र वाचून मले माह्याच हासण्याची लाज वाटली.

डब्यातलं सारं मी दुकानात उतरवून ठेवलं होतं, त्याचा पेन ड्राइव्ह सोबत पाठवून राह्यलो. त्यात दोन तुकडे हायेत. पयल्यात फक्त दीपाली शिकवते तेवढं ठेवलं. तुही नक्कल कापून टाकली. दुसऱ्यात सारं हाय, तुह्या चपलांपासून. तू साहेबाले पयला आयकव. पोट्टी बोलते, एवढंच तर दाखवाचं हाय. तुह्या नोकरीले दोन वर्षं नाई झाले, आपल्या हातानं आपलं नाव कायले खराब करतेस?

पण एक भानगड हाय, ते तुह्यापासून लपवत नाई. पोट्टे तिचं नाव घेतात ते नक्कल झाल्यावरच, हासताहासता. ते कापलं का नावपण कटते. मंग कोणी म्हणल, हे कोणतीबी पोट्टी असल. मी लय जोडून पाह्यलं, जमलं नाई.

आईले इचारलं. ते म्हणे, प्रियाले जे वाटल ते कराले सांग, आन् घरी आली का माह्याजवळ बसाले सांग. तिचा राग नाई तुह्यावर. पण तिनं गेला आठवडाभर मले तुह्याबद्दल एक शब्द इचारला नाई, हेपण खरं हाय.

तुहा,
धम्मदीप

---

हिरंगटोला,
दि. २४ डिसेंबर

प्रिय भाऊ,

जयभीम. काय झालं ते क्रमाने सांगते.

एकोणीस तारखेला तालुक्याला शिक्षकांची बैठक होती आणि साहेब रजेवरून आले होते. मी दीपाली, वारलू आणि बुधरी यांना घेऊन सकाळच्या गाडीने गेले. बैठकीआधी भेटू देईनात, म्हणून शेवटी सगळ्यांसमोरच उभी राहिले. तीस-पस्तीस शिक्षक असतील. साहेबांना म्हटलं, मी चुकीची माहिती भरली आहे, मुलगी बोलते, पुरावा आहे. त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या, पण लावा म्हणाले.

मी तुझं ऐकलं. पहिला तुकडाच लावला. मला माझं नाव सांभाळायचं होतं, हे तुझ्याजवळ कबूल करते. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि तू सांगितलंस तेच म्हणाले. ही कोणतीही मुलगी असू शकते. पेन ड्राइव्ह माझ्याकडे सरकवला आणि पुढचा विषय काढला. मी वारलूंकडे पाहिलं. त्यांना ऑफिसातली मराठी फारशी कळत नाही, पण साहेबांचा तो हात कळला. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि दीपालीचा हात धरून उठले.

मग मी दुसरा तुकडा लावला.

सभागृहातला स्पीकर मोठा होता. डोक्शात माती भरली काय, हे खिडकीबाहेर चहावाल्यापर्यंत गेलं असेल. आधी सगळे हसले. मग पोरांनी दीपालीचं नाव घेतलं आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं की ही तर मॅडमचीच नक्कल आहे. मग कोणी हसलं नाही. दोघी-तिघी शिक्षिका खाली बघत होत्या. साहेबांनी विचारलं, हे शब्द तुमचे का? मी हो म्हटलं. रोज? मी म्हटलं, बहुतेक रोज.

ते म्हणाले, ठीक आहे, मुलीला इथं एक शब्द बोलू द्या, नाव काढतो. दीपालीला पुढे आणलं. ती पायाकडे बघत उभी. मी म्हटलं बोल बेटा. ती आणखी आक्रसली. बुधरी माझ्याकडे बघत होती, त्या दिवशी अंगणात बघत होती तशीच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी साहेबांना म्हटलं, मी बाहेर जाते.

सायकल स्टँडजवळ पंधरा मिनिटं उभी होते. स्वतःच्या विद्यार्थिनीने बोलावं म्हणून मला निघून जावं लागलं, याच्याएवढी शिक्षा मला कोणी देऊ शकलं नसतं.

बुधरी बाहेर आली आणि मान हलवून म्हणाली, बोलली. साहेबांनी विचारलं होतं की शाळेत काय करतेस. दीपालीने सांगितलं, बाई जोरात सांगते, कोणाले समजत नाई, मंग मी हळू सांगतो.

साहेबांनी यादीच्या कागदावर तिच्या नावावर पेनाने काट मारून सही केली. ऑनलाइन अजूनही लॉकच आहे, मार्चपर्यंत राहील. पण गाडीवाल्यांना कागदाप्रमाणे वागायला सांगितलं आहे. मला दोन नोटिसा मिळाल्या आहेत. एक चुकीच्या नोंदीची, एक भाषेची. दोन्ही बरोबर आहेत. खुलासा लिहायला बसले की एक ओळ पुढे जात नाही. मला गोंडी येत नाही, डबा कामाचा नाही, मी एकटी आहे, हे सगळं खरं आहे. पण त्यातलं काहीही लिहिलं की कारण सांगितल्यासारखं वाटतं.

आईला हे पत्र पूर्ण वाचून दाखव. काही गाळू नकोस.

तुझी,
संघप्रिया

---

हिरंगटोला,
दि. १० जानेवारी २०२५

प्रिय भाऊ,

तुला आणि आईला जयभीम. आईने पाठवलेलं तिखट आणि चार ओळींची चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी पाकिटात ठेवली आहे, तिखट संपत आलं.

गाडी तीस तारखेला आली आणि दुसऱ्या गावाकडे निघून गेली. दीपाली शाळेत येते. माझ्याशी बोलत नव्हती, म्हणून मी एक ठरवलं. रोज दुपारी अर्धा तास मी व्हरांड्यात बसते आणि आत ती शिकवते. मी दाराआडून गोंडी लिहून घेते. आत्तापर्यंत साठ शब्द झाले, त्यातले निम्मे चुकीचे असतील. उच्चार केला की पोरं माझ्यावर मनसोक्त हसतात. गेल्या शुक्रवारी डब्याच्या मिनिटांपुढे शून्य लिहून कळवलं. टेकडीवरून उतरायच्या आतच फोन आला की शून्य चालत नाही, आकडा टाका. मी टाकला नाही. त्याचीही नोटीस येईल. वैताग संपलेला नाही भाऊ, फक्त आता तो पोरांवर निघत नाही एवढंच. तेही रोज जमतं असं नाही.

काल दुपारी मी व्हरांड्यात खिचडीचे तांदूळ निवडत होते. आत बराच गलका झाला. मी मुद्दामच उठले नाही. मग दीपाली दारात आली. कपाळावर घाम, केस विस्कटलेले, हातात खडू. ती सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, बाई, अंकुश आयकूनच नाई राह्यला. तू ये आन् ओरड.

माझ्याशी बोललेली तिची ही पहिली वाक्यं. मी तांदूळ बाजूला ठेवले. म्हटलं, नाही ओरडत, तुझ्याजवळ येऊन बसते. तिला ते पटलं नाही. पण तिने मला बसायला जागा दिली, अंकुशच्या शेजारी, आणि आम्हा दोघांनाही गप्प बसायला सांगितलं.

पत्र लिही. माझ्या चुका जशा सांगितल्यास तशाच पुढेही सांगत राहा आणि जीव लावत राहा, दोन्ही लागतं मला.

तुझी,
संघप्रिया