गेज ठीक आहे

३ मार्च, मंगळवार

जे झालं ते असं —

१. सकाळी नऊ वाजता दादाच्या लाँड्रीत गेले. बॉयलरच्या पत्र्याची जाडी सहा ठिकाणी मोजली.
२. सर्वांत पातळ जागी ४.१ मिलिमीटर. नवा होता तेव्हा आठ. सहाच्या खाली गेला की बंद करायचा असतो, नाहीतर फुटू शकतो.
३. हे दादाला इस्त्रीवाल्या तिघींसमोर सांगितलं.
४. दादा म्हणाला, "म्हणजे हा बसवताना बाबांना अक्कल नव्हती?"
५. मी म्हणाले, "अक्कल मोजायचं यंत्र आज आणलेलं नाही."
६. तिघींपैकी एक हसली.
७. दादा मागच्या खोलीत निघून गेला.

माझा एकही मुद्दा त्याला खोडता आला नाही. बॉयलर चालू आहे.

४ मार्च

आईचा फोन. "तू बरोबरच असशील गं. पण त्याने ऐकलं का?"

नाही.

६ मार्च, शुक्रवार

ऑफिसात एसीवरून जुंपली. बावीस की चोवीस. रोजचंच! दोन्हीकडचे मुद्दे सगळ्यांना पाठ आहेत. कोणाला काही पटवायचं नसतंच, मला गार वाटतंय एवढं कोणीतरी ऐकावं म्हणून चाललेलं असतं. शेवटी कोणीतरी स्वेटर चढवतं आणि विषय उद्यावर जातो.

दादाचं आणि माझं तसं नाही. माझ्याकडे आकडे आहेत.

८ मार्च, रविवार

रिपोर्ट छापून नेला. आलेखासकट.

"या, इंजिनीअरबाई! आज कोण मरणार?"

"तू. आणि या तिघी."

"चोवीस वर्षं चालतोय तो."

"चोवीस वर्षं झिजतोय."

"बंद ठेवला तर हॉस्पिटलच्या चादरी दुसरीकडे जातील. गेलेलं गिऱ्हाईक परत येतं का? या तिघींनी काय करायचं? दाखव की तुझ्या आलेखात!"

 मी पुन्हा ४.१ म्हणाले. जरा मोठ्याने.

रिपोर्ट त्याने घडी करून खिशात घातला. वाचला नाही.

दोन नोंदी. इस्त्रीची टेबलं बॉयलरजवळून भिंतीपलीकडच्या खोलीत गेली आहेत. विचारलं, तर "तिकडे उजेड बरा." दुसरं — वाफेच्या दाबाचा काटा पाचवर. इतकी वर्षं सातवर बघत आलेय. गेज बिघडलेलं दिसतंय.

१० मार्च, मंगळवार

आमच्या लॅबमधलं गेज नेऊन शेजारी जोडलं. दोन्ही पाचवर. म्हणजे गेज ठीक आहे. दादा दारात उभा राहून बघत होता. "आता काय, काट्यावरही भरवसा नाही?" मी हत्यारं आवरली आणि निघाले.

१३ मार्च

तपासणी खात्याकडे द्यायच्या तक्रारीचा फॉर्म भरला. पाठवला की दोन दिवसांत सील. मग वादही नको, पटवणंही नको.

तो पुन्हा माझ्याशी बोलेल का, याचा रकाना फॉर्मवर नाही. सोमवारी पाठवते.

१६ मार्च, सोमवार

औषधांच्या दुकानात मावशी भेटल्या — इस्त्रीवाल्या तिघींतल्या सर्वांत जुन्या. त्या दिवशी हसल्या होत्या त्या याच.

"तुझा भाऊ झोपतो तरी का गं? पहाटे पाचला येऊन एकटाच बॉयलर पेटवतो. आम्हाला म्हणतो, आठच्या आत पाऊल टाकायचं नाही. भट्टीशी कोणाला फिरकू देत नाही. वाफही मरतुकडी ठेवतो, चादरी वाळता वाळत नाहीत. बोलायची सोय नाही!"

"कधीपासून?"

"तू मापं घेऊन गेलीस ना, त्याच दुपारपासून. टेबलंसुद्धा त्यानेच उचलली, एकट्याने."

"मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"तू विचारलंस कुठे? आलीस की सांगतच असतेस."

गोळ्या न घेताच घरी आले.

म्हणजे त्याला पहिल्या दिवशीच पटलं होतं. माझ्यासमोर, त्या तिघींसमोर 'पटलं' म्हणायला मी जागा ठेवली नव्हती. आणि त्याने दाब उतरवला, काटा पाचवर दिसला, तेव्हा मी गेज तपासलं!

फॉर्म पाठवला नाही. फाडलाही नाही.

१७ मार्च, मंगळवार

दादाला चिठ्ठी. पाठवण्याआधी इथे उतरवून ठेवते.

दादा, आज आकडे नाहीत. टेबलं हलवलीस, बायकांना लांब ठेवलंस. बॉयलरपाशी तू एकटा राहिलास. मला भीती वाटते. नवा बसेपर्यंत भाड्याचा बॉयलर मिळतो, मी चौकशी केली आहे. हॉस्पिटलमध्ये बोलायला तुझ्याबरोबर येते — बोल तूच, मी गप्प बसेन. तोवर पेटवू नकोस. गुरुवारपर्यंत कळव.

फॉर्म तोवर खणात.