लिंक असलेला कोणीही

मुलुंड, शुक्रवार

प्रिय बाबा,

‘प्रिय’ लिहिलं आणि पाच मिनिटं पेन तसंच धरून बसले. खोडलं नाही, कारण ते खोटं नाही. पण राग आलाय, आणि एवढा आलाय की फोनवर मला बोलताच येणार नाही. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ‘हो बाबा’ म्हणते, हे गेली छत्तीस वर्षं चाललंय. म्हणून कागद घेतला. निदान मध्येच तोडता येणार नाही.

चार दिवसांत तुम्ही पाच वेळा परवानगी मागितलीत. दर वेळी माझ्या फोनवर येतं, श्यामकांत यांना हे फोल्डर उघडायचं आहे. काल तर सोबत लिहिलंत, “बाय, काहीतरी बिघाड झालाय, उघडत नाही.” बिघाड नाही बाबा. मी बंद केलंय.

ते फोल्डर कुणी बनवलं, आठवतं? दोन वर्षांपूर्वी तुमची अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टरांनी जुना ईसीजी मागितला आणि तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून एकामागून एक लाइटची बिलं बाहेर काढत होतात. त्यानंतर मुकुल दोन रविवार बोरिवलीला येऊन बसला. तुमचा एकेक कागद स्कॅन केला आणि ‘घरचे रिपोर्ट’ नावाचं एकच फोल्डर केलं. तुमचे, माझे, त्याचे, सगळे त्यात. मी म्हटलंही, आपले नवरा-बायकोचे वेगळे ठेवू या ना. तर म्हणाला, “बाबांपासून काय लपवायचं? उद्या आपल्याला काही झालं तर धावत तेच येणार.” तुम्हाला नुसतं बघायची नाही, तर बदल करायचीही परवानगी त्याने दिली, नवे रिपोर्ट तुम्हाला स्वतः टाकता यावेत म्हणून. शेजारी बसून शिकवलं. तुम्ही पहिल्याच झटक्यात फाइल चढवलीत तेव्हा तुमच्यापेक्षा तोच जास्त खूश झाला होता. मी तेव्हाच हट्ट धरायला हवा होता. तो राग माझा माझ्यावर आहे, तो तुमच्या नावावर टाकत नाही.

रविवारी घाटकोपरला रुक्मिणीकाकूंच्या नातीच्या बारशात काय झालं, तेही मी विसरले नाही. बाळाला पाळण्याच्या खालून-वरून द्यायला बायका उभ्या राहिल्या, मी पुढे झाले आणि काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, “तू राहू दे गं श्रुतिका, दुसरं कुणीतरी घेईल.” मी हसून मागे सरले. तुम्ही दाराजवळच्या खुर्चीवर घुगऱ्या खात होतात. तुमचा हात वाटीतच थांबला, ते मी पाहिलं. मूल कधी म्हणून सात वर्षं लोक मला विचारतात आणि सात वर्षं तुम्ही ते ऐकता. मला लागलं त्याहून तुम्हाला जास्त लागलं, एवढं मला कळतं.

पण म्हणून सोमवारी सकाळी उठून ते करायचं?

मला पहिला मेसेज सर्वेशचा आला, काकूंच्याच मुलाचा. “ताई, हे ग्रुपवर चुकून पडलंय का?” मी उघडून बघते तर आपला घरचा ग्रुप, बासष्ट माणसं, तुमच्या नावाने एक लिंक आणि वर एक ओळ : दोष कुणात आहे ते ज्याने त्याने बघून घ्यावे. बोट लावलं की आपलं फोल्डर, आणि त्यात मुकुलचा शुक्राणूंचा रिपोर्ट उघडत होता. नाव, वय, कमी आलेले आकडे, सगळं. परवानगीच्या जागी तुम्ही निवडलं होतंत, ‘लिंक असलेला कोणीही’. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी ते बंद केलं तोवर दीड तास उलटला होता. लिंक बंद झाली, पण ज्यांनी त्याचा फोटो काढून ठेवला त्यांच्या फोनात मी कशी शिरू? दुपारपर्यंत तो फोटो अंधेरीला मुकुलच्या ऑफिसात पोचला. कुणी नेला ते अजून कळलं नाही. तो जेवून जागेवर परत आला तर टेबलावर शिलाजितची डबी ठेवलेली, आणि आजूबाजूचे सगळे स्क्रीनकडे मान घालून बसलेले.

तीनला तो घरी आला. हातपाय धुतले, लॅपटॉप उघडला. मला वाटलं राजीनामा लिहितोय. मागून जाऊन बघितलं तर तुमचे रिपोर्ट एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवत होता. “उद्या त्यांची तपासणी आहे, ईसीजी लागेल,” म्हणाला. बस, एवढंच. ती नवी लिंक त्यानेच तुम्हाला पाठवली, फक्त तुम्हाला. त्या दिवसापासून तो माझ्याशी नीट बोलतो, जेवतो, ऑफिसला जातो, आणि डोळ्यांत बघत नाही.

बाबा, तुम्ही तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होतात. लाइन तपासताना लोकांची भांडणं, रडणी, मोडलेल्या सोयरिकी तुमच्या कानावर पडायच्या. आई खोदून खोदून विचारायची आणि तुम्ही म्हणायचात, “ते त्यांचं आहे.” मी शेजारच्या वहिनींचं पाकीट उघडून वाचलं होतं, तर दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नव्हतात. तो माणूस कुठे गेला? अख्ख्या गोतावळ्यात तुमच्या जावयाला उघडं करताना त्याने तुमचा हात का नाही धरला?

सोमवारी फोनवर तुम्ही ओरडलात, “मी बाप आहे! माझ्या मुलीला चार बायकांत मागे सारतात ते बघत बसू? खरं तेच दाखवलं. खोटं काय केलं मी?”  लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात मला बरंही वाटलं होतं.

उत्तर मला काल मिळालं. फोल्डरमध्ये कुणी कधी काय बदललं याची यादी तिथे आपोआप राहते. मुकुलने तुम्हाला ते शिकवलं नव्हतं. सोमवार, दहा वाजून बारा मिनिटं : श्यामकांत यांनी एक फाइल काढून टाकली. दहा वाजून वीस मिनिटं : लिंक सर्वांना खुली केली. काढलेली फाइल माझी आहे. माझ्या दोन्ही गर्भनलिका बंद आहेत असं सांगणारी. म्हणजे तुम्ही ती वाचलीत, तुम्हाला ती कळली, ती उचलून बाजूला केलीत आणि मग मुकुलला एकट्याला पुढे ढकललंत. आता तीच परत जागेवर ठेवायला परवानगी मागताय ना? मुकुलला तो रिपोर्ट सहा वर्षांपासून माहीत आहे, बाबा. त्याने तो स्वतःच्या आईलाही सांगितला नाही. तिचे टोमणे स्वतःवर घेतले. म्हणून हे पत्र. उद्या दुपारपर्यंत ते तुमच्या हातात पडेल. परवा, रविवारी सकाळी अकरा वाजता, मी माझा रिपोर्ट त्याच ग्रुपवर टाकणार आहे आणि तो आधी का दिसला नाही तेही लिहिणार आहे. मुकुल नको म्हणतो, हात जोडून नको म्हणतो. पण तो कागद माझा आहे, कुणाला दाखवायचा ते मी ठरवणार. त्याआधी तुम्ही स्वतः ग्रुपवर लिहिलंत तर मला बरं वाटेल. नाही लिहिलंत तर मी थांबणार नाही. मुकुलला कुणी आधी विचारलं नव्हतं. तुम्हाला मी एक दिवस आधी कळवतेय.

अजूनही तुमचीच,
श्रुतिका