माझ्या ड्राइव्हचा मालक

१० नोव्हेंबर, सोमवार
रुद्रप्पाला सोडणार नाही. काल अक्कलकोटला सासूबाईंकडे जेवणं झाल्यावर त्याच्या लॅपटॉपवर कार रेसिंग खेळलो. एकाच भिंतीवर नऊ वेळा आपटलो. भिंत चुकीच्या जागी होती. हा माझा साडू, वयानं आठ वर्षं लहान, आणि सगळ्यांसमोर म्हणतो, अण्णा, तुमी बैलगाडीचा गेम बघा की. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. सौ. पदर न लावता हसली.
रविवारी सगळे आमच्याकडे सोलापुरात येणार. तोच गेम, माझा कॉम्प्युटर, माझं घर. तिथंच त्याचं नाक कापतो. रोज दोन तास प्रॅक्टिस.

११ नोव्हेंबर
प्रॅक्टिस नाही. जुनं मशीन पळावं म्हणून मागच्या महिन्यात विंडोज काढून लिनक्स टाकलं. आता छोट्या ड्राइव्हवर गेम मावत नाही. मोठ्या ड्राइव्हवर टाकायला गेलो तर परमिशन नाही. मालक म्हणे रूट, लिनक्सचा आतला मुख्य कारभारी. हा कोण? टेबल माझं, ड्राइव्ह मी स्वतः स्क्रू पिळून बसवलेला. बदल्याच्या यादीत रुद्रप्पाखाली रूटचं नाव घातलं. त्याचा पासवर्डही रागानं बदलून टाकला, काय ठेवला ते इथं लिहीत नाही.

१२ नोव्हेंबर
chmod 777 ही कमांड दिली. म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. कमांड मुकाट्यानं घेतली, केलं काहीच नाही. आमच्या ऑफिसात अर्जांचं होतं तसंच. परत दिली. जोरात एंटर मारून दिली. एंटरचं बटण सैल झालं.

१३ नोव्हेंबर
सौ. म्हणाली, रुद्रप्पाला फोन करा, तो शाळेत कॉम्प्युटरच शिकवतो. शत्रूला विचारू? दोन तास बोललो नाही तिच्याशी. तिला कळलं नाही.
इंटरनेटवर एकानं लिहिलंय, हा विंडोजच्या काळातला ड्राइव्ह, त्याच्यावर chmod चालत नाही. fstab नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहा, म्हणजे मशीन सुरू होतानाच ड्राइव्ह तुमच्या नावावर लागेल. ओळ तपासल्याशिवाय रीस्टार्ट करू नका, असंही लिहिलंय. ते भित्र्यांसाठी असावं.

१४ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
ओळ लिहिली. रीस्टार्ट. रूट संपला.

७.१४
काळा स्क्रीन. इमर्जन्सी मोड.

१५ नोव्हेंबर
मशीन तसंच. पण कौशल्य मशीनवर अवलंबून नसतं. खुर्चीत बसून, स्टिअरिंग म्हणून ताट धरून सगळी वळणं घेतली. ब्रेकची गरज वाटली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
गव्हाची गोड हुग्गी खाऊन रुद्रप्पा थेट कॉम्प्युटरपाशी. काळा स्क्रीन बघून म्हणाला, fstab मध्ये काय तरी केलंय तुमी अण्णा, एक स्वल्पविराम राहिला असंल. रूटचा पासवर्ड लागंल.
मी टाकतो म्हणालो. टाइप केलेलं दिसत नाही, त्यात एंटरचं बटण सैल. चार वेळा चुकलो. मग त्यानं कीबोर्ड ओढला आणि सांगा म्हणाला.
एकेक अक्षर सांगितलं, घाईघाईत, इंग्रजीत. दारात उभी सौ. मात्र अक्षरं जुळवत मोठ्यांदा वाचत गेली. रुद्रप्पा. मूर्ख. हाय. सासूबाईंना मराठी कमी कळतं, तर तिनं कानडीत सांगितलं.
रुद्रप्पा टाइप करत राहिला. मूर्खमध्ये एच एक का दोन, एवढंच विचारलं. स्वल्पविराम घातला. मशीन चालू झालं, ड्राइव्ह माझ्या नावावर. गेम उतरेपर्यंत कुणीच कुणाकडं बघेना.
मी म्हणालो, मागच्या रविवारी तू सगळ्यांपुढं जे बोललास, त्याचा राग होता. तो आठवत बसला. काय बोललो होतो अण्णा, असं खरंच विचारलं त्यानं.
मग अर्ध्या अर्ध्या स्क्रीनवर शर्यत झाली. मी जिंकलो. यात वाद नाही.
फक्त शेवटच्या वळणानंतर त्याची गाडी रेषेच्या अलीकडं उभी होती. मी दोनदा भिंतीवर आपटून तिथं पोचेपर्यंत तो थांबला होता. मी पुढं गेल्यावर टाळ्या त्यानंच पहिल्यांदा वाजवल्या.