जेलीफिशच्या चौकशीतून माझ्या मुलीस वगळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
समुद्रजल विभाग, वीज केंद्र

विषय : चौकशीसाठी नेमलेल्या संशोधक बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस. (ती मला साडूच्या हस्ते का देण्यात आली, तेही कळावे.)

महोदय,

मी सकाळपाळीचा जाळी फोरमन. यंत्रे थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी ज्या तोंडातून आत येते, तेथील जाळ्या साफ ठेवणे हे माझे काम. गेल्या आठवड्यात जेलीफिशच्या झुंडीने जाळ्या तुंबल्या, केंद्र बंद पडले आणि खापर माझ्या डोक्यावर फुटले. त्याबाबत सविनय कळवितो की,

१) जेलीफिश फक्त माझ्याच पाळीत येतात. दुपारपाळीचा फोरमन माझा साडू. त्याच्या पाळीत समुद्र धुतल्या तांदळासारखा. कारण विचारले असता, "साडूभाऊ, त्यांचा तुमच्यावरच जीव आहे," असे म्हणून तो हसला. निर्दोष माणूस असा हसत नाही.

२) जाळ्यांतून काढलेला माल, म्हणजे जेलीफिश, खड्ड्यात नेण्याचा ट्रक नेमका माझ्याच पाळीत पंक्चर असतो. खिळे आपोआप उगवत नाहीत. मग माल कोठे जातो, हा प्रस्तुत अर्जाचा विषय नाही.

३) सागरी जीवांच्या प्रयोगशाळेची बोट बारीक जाळे ओढत फिरते आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, बाटल्यांत भरून नेते. जेलीफिशचे खाणे तेच. जे त्यांचे ताट मोजतात, ते त्यांचे कोणी लागत नाहीत कशावरून?

४) त्याच प्रयोगशाळेतून चौकशीसाठी माझी थोरली मुलगी नेमली आहे. ही तिची पहिलीच चौकशी. तिला साडूने फितवले असावे, असा मला प्रथम संशय आला. परंतु परवा जेवताना ती सहज म्हणाली, "बाबा, जेलीफिश तोडून परत पाण्यात टाकले ना, की त्यांची अंडी तिथेच पसरतात. पिल्लं खांबांना चिकटून वाढतात, आणि पुढे झुंडी येतात." मला जोराचा ठसका लागला. तिने पाणी दिले व पाठ चोळली.

महोदय, साडूच्या जाळ्या तुंबाव्यात म्हणून रोज पाळी संपताना जेलीफिश फावड्याने तोडून धक्क्यापलीकडे कोण टाकतो, हे तिला अजून ठाऊक नाही. ती विचारणार, कारण ती चोख आहे. दुसऱ्या कोणीही विचारले तर मी बेधडक नाही म्हणेन आणि साडूचे नाव पुढे करीन. तिच्याशी मला आजवर खोटे बोलता आलेले नाही. मग माझी नोकरी घालवणारे वाक्य तिला स्वतःच्या हाताने लिहावे लागेल, आणि ती ते लिहील.

तरी कृपया दुसरा कोणीही पाठवावा. साडूही चालेल.

आपला,
अद्याप कामावर असलेला,
जाळी फोरमन, सकाळपाळी

सोबत : काही नाही. पुरावे वाटेत गहाळ होतात.
प्रत : कोणासही देऊ नये. घरी तर नाहीच नाही.