टेलिकन्व्हर्टर कपाटात ठेवलाय

बाबा,

आजच्या शर्यतीला मी एकटीच जातेय. मोठी लेन्स नेलीय, लांबचं दुप्पट जवळ आणणारा तुमचा टेलिकन्व्हर्टर कपाटात ठेवलाय.

काल ढगाळ हवेत तो लावू नका म्हणून दोनदा सांगितलं. त्याने उजेड आणखी कमी होतो, ऑटोफोकस चाचपडत बसतो. "तुझ्या जन्माआधीपासून लावतोय," म्हणत तुम्ही माझ्या कॅमेऱ्याला लावलातच. धावणारे पळून गेले तरी माझा कॅमेरा फोकसच शोधत होता.

संध्याकाळी संपादकांचा फोन आला, सगळे फोटो धूसर आहेत. तुम्ही बेधडक सांगितलंत, "पोरीचा हात हलला." ते मला झोंबलंय, आणि झोंबत राहणार.

पण धडकी भरली ती दुसऱ्याच गोष्टीने. तेच फोटो पाठवण्याआधी तुम्ही मोठ्या स्क्रीनवर एकेक करून पाहिले होते. म्हणालात, "कसे लख्ख आलेत बघ."

अकरा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. आत्या न्यायला येईल, तिच्यावर खेकसू नका. संपादकांकडे हात माझाच हलला, असं राहू दे. मी खोडून काढणार नाही. डॉक्टरांसमोर मात्र जे दिसत नाही, ते दिसत नाही म्हणा.